वाडीतली सुरई

१४ नोव्हें.
घरामागच्या वाडीत बायको, सु., शेवग्यासाठी खड्डा करत होती. फावडं कशावर तरी घासलं, तिनं हाक मारली. मातीत आडवं पडलेलं लांबट मडकं. दोन कान, बूड टोकदार. अख्खं. आपल्याकडं असं कोणी करत नाही. सु. हातानंच माती काढायला लागली. मी सरसावलो तशी म्हणाली, "हात नका लावू जी. कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईले विचारू पहिले."
ती आंघोळीला गेली. मडक्याचं तोंड घट्ट बुजलेलं. मनात आलं, धन. लोखंडी सब्बल उचलली, घातली.
आत माती. नुसती माती.

१५ नोव्हें.
"काऊन फोडलं जी?" एवढंच विचारलं तिनं. म्हटलं, आत साप असता तर. तिनं तुकडे घमेल्यात भरले, फोटो काढले, कॉलेजच्या प्राध्यापकबाईंना पाठवले.
शाळेत सातवीला 'इतिहासाची साधने'. 'जपली पाहिजेत' असं फळ्यावर लिहिलं. पुसलं.

१८ नोव्हें.
प्राध्यापकबाई आल्या. भिंगातून बराच वेळ पाहत होत्या. मडक्याच्या मातीत ज्वालामुखीचे बारीक काळे कण आहेत म्हणे, ही माती इथली नाहीच. रोमन सुरई, दारूची. दोन हजार वर्षांपूर्वीची. समुद्रावरून चंद्रपूरपर्यंत!  मग बाईंनी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.
"हे तर आत्ता फुटलंय. कसं?"
सु. चहा घेऊन दारातच होती.
मी म्हणालो, "खड्डा करताना. हिच्या हातून फावडं लागलं."
बाई तिलाच समजवायला लागल्या, "असू द्या ताई, तुम्हाला काय माहीत."
सु.नं कप खाली ठेवले. "हो जी," म्हणाली. माझ्याकडं पाहिलं नाही.

१९ नोव्हें.
स्टाफरूममध्ये अभिनंदन. "सर, घरात रोम निघालं तुमच्या!" कोणीतरी म्हणालं, "वहिनींनी फोडलं म्हणतात ना?" सगळे हसले.
मीही हसलो.

२० नोव्हें.
जेवताना म्हटलं, बाईंना खरं सांगून टाकतो.
"कवा?"
"येतील तेव्हा."
"आल्या होत्या ना. मी तिथीच उभी होती."
भाजी वाढली. नेहमीपेक्षा जास्तच वाढली.  फोन लावू का असं... नाही लावला.

२३ नोव्हें., सकाळ
बाई आज माणसं घेऊन येणार, वाडी नीट खोदून पाहणार. काल फोनवर म्हणाल्या, सापडलं कसं, फुटलं कसं, सगळं ताईंच्याच तोंडून रेकॉर्ड करायचं आहे. नोंदीत त्यांचंच नाव राहील.
सु.नं ठेवणीतलं लुगडं काढलं आहे. विचारलं, काय सांगशील?
"तुमी सांगतलं तेच सांगू का दुसरं?"
खरंच विचारत होती. टोमणा नव्हता. मी वही ओढली.
बाहेर गाडी थांबली. सु. पदर सारखा करून दाराकडं गेली.
मी अजून लिहीतच बसलो आहे.