पर्याय ब

३ फेब्रुवारी, सकाळ
तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. आकडा इथे लिहीत नाही. आकड्यावरून माणूस कळत नाही. डॉ. मयुरी म्हणाल्या, अभिमनभाऊ, आता नीट वागा, नाहीतर पुढच्या वेळी इन्सुलिन. म्हणजे रोज सुई. मी सुईला घाबरत नाही. मला ती आवडत नाही, एवढंच.
संकल्प: उद्यापासून मेहरूण तलावावर चालणं आणि बिनसाखरेचा चहा. प्रमिला म्हणाली, उद्यापासून कशाला, हातातला कप आत्ताच खाली ठेवा. चाळीस वर्षं संसार करूनही हिला नियोजन म्हणजे काय ते कळलेलं नाही.

५ फेब्रुवारी
तलावावर गेलो. जाताना रिक्षा केली, चालायची ताकद तिथे लागणार म्हणून. तिथे कचोरीवाला ओळखीचा निघाला. येतानाही रिक्षाच.

१० फेब्रुवारी, दुपार
मोठी बातमी! दवाखाना शुगरच्या पेशंटसाठी व्हिडिओ बनवतोय. नुसता बघायचा नाही. मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, आपण स्क्रीनवर अ किंवा ब दाबायचं. नट नकोत, आपले जळगावचे खरे पेशंट हवेत. बाकावर बसलेल्यांतून दोघे निवडले. एक मी. मीच का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यासारखा दुसरा पेशंट माझ्याकडे नाही. भरून आलं. रावेरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी द्वारपाल होतो. इतक्या वर्षांनी कोणीतरी ओळखलं.
दुसरे नासीरभाई, टेलर. त्यांना का घेतलं ते समजलं नाही. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, गोडाला हात नाही. अशा माणसात नाट्य कुठून येणार?

१७ फेब्रुवारी
शूटिंग. प्रमिलाही बरोबर आली. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं. अ कोण, ब कोण, बघणाऱ्याने काय ओळखायचं. माझं लक्ष नव्हतं, केसांच्या डायचा ओघळ कानामागे राहिला होता. एवढं कळलं की दोघांपैकी एकाचं बरोबर आणि एकाचं चूक. मी ब. चूक कोण, ते विचारायची गरजच नव्हती. नासीरभाईंच्या तोंडाकडे बघवेना.
मला सूचना एकच: घरी वागता तसं वागा. सीन लग्नाच्या पंगतीचा. नासीरभाईंनी जिलेबीला नको म्हटलं, संपलं. मी नको नको म्हणत घेतली, मग आग्रहाला मान दिला, मग वाढणाऱ्याला परत बोलावलं. डॉक्टर म्हणाल्या, हेच हवं होतं, आता थांबा. मी म्हटलं, अजून एक टेक करू. त्यांनी ताटच उचलून नेलं. बजेट कमी असावं.

१८ फेब्रुवारी
आज बूट खरेदीचा सीन. नासीरभाईंनी आत हात घालून चाचपलं, बोटं हलवून पाहिली, सैल जोड घेतला. प्रेक्षक झोपतील. मी टोकदार, चकचकीत, एक नंबर लहान जोड चढवला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, जरासुद्धा चावत नाही! हे संवादात नव्हतं, पण खरं होतं. गेलं वर्षभर मला कुठलाच बूट चावत नाही. पायांची घडणच उत्तम.
डॉक्टर शूटिंग थांबवून म्हणाल्या, भाऊ, खरंच काही जाणवत नाही? उद्या पाय तपासायला याच. आणि हे बूट घालू नका.
तपासणी आजारी पायांची करतात. गेलो नाही. जोड मात्र दुकानात जाऊन विकत घेतला.

२ मार्च
तलाव: नाही. उन्हाने चेहरा काळवंडतो, आणि आता चेहरा माझा एकट्याचा राहिलेला नाही.
चहा: साखर निम्मी. कप दुप्पट.

२३ मार्च, रात्री, धुळ्याहून परत
धुळ्याला पेशंटचा मेळावा होता. व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आठवड्याभरापूर्वीच गेला होता. नवे बूट घातले. फोटोसाठी चष्मा घरी ठेवला, कंगवा खिशात.
पडद्यावर मी! प्रश्न कोणीतरी माईकवरून वाचला, मी तेव्हा भांग पाडत होतो. पण अख्खा हॉल ओरडला, ब! ब! उठून चारी बाजूंना नमस्कार केला. लोक हसून हसून बेजार. नासीरभाईंना एक मत नाही. येताना बसमध्ये त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, मनाला लावून घेऊ नका. ते काहीतरी सांगणार होते, सांगितलं नाही. सज्जन माणूस.
निघण्याआधी हॉलबाहेर एक म्हातारी अक्का भेटली. म्हणाली, भाऊ, तुले दखीसन मना मालकनी बठ्ठं गोड सोडी दिधं. मला बघून तिच्या नवऱ्याने सगळं गोड सोडलं! कलेचं सामर्थ्य दुसरं काय असतं?
घरी बूट काढला तर मोजा ओला. प्रमिला म्हणाली, रक्त आहे. मी म्हटलं, मोज्याचा रंग गेला असेल. दुखत तर काहीच नाही.

२६ मार्च
अंगठा काळसर. दुखत नाही, म्हणजे गंभीर नाही. जरा ताप आहे, तो प्रवासाचा. प्रमिलाने मला न विचारता रिक्षा बोलावली आहे. आज भांडायची ताकद नाही.

१ एप्रिल, दवाखाना
जखम साफ केली. इन्सुलिन सुरू. सुई आवडली नाही.
डॉक्टर म्हणाल्या, पायांची जाणीव गेली आहे, म्हणून कळलं नाही. अंगठा वाचेल असं वाटतंय. त्यांचं ते ‘वाटतंय’ डोक्यातून जात नाही. घाबरलो आहे. खूप घाबरलो आहे. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

५ एप्रिल, संध्याकाळ
अंगठा राहिला. आज सुट्टी मिळणार होती, पण कशिश सिस्टर टॅबलेट घेऊन आल्या. व्हिडिओ बघून सगळी उत्तरं बरोबर दिल्याशिवाय घरी सोडत नाहीत. मी म्हटलं, अहो, मी यात काम केलंय. त्या म्हणाल्या, माहितीये काका.
प्रमिलाने माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला. बुटांचा सीन. प्रश्न: कोणाचं बरोबर? ब दाबलं. टॅबलेट अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाला, चूक, पुन्हा बघा. बोट नीट बसलं नसेल. जोरात दाबलं. चूक. दुसरा टॅबलेट मागितला. तोही तसलाच.
मी प्रमिलाकडे बघितलं. ती म्हणाली, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर सांगितलं होतं, तुम्ही कान पुसत होतात. मी विचारलं, नासीरभाईंना माहीत होतं? म्हणाली, धुळ्यालासुद्धा माहीत आहे. मग तिनेच हात लांबवून अ दाबलं. शाब्बास, असं यंत्र म्हणालं. तिला.
शेजारच्या खाटेवर रावेरचे जीवरामभाऊ, केळीच्या गाड्या भरतात. त्यांनाही सुट्टी हवी होती आणि त्यांचाही टॅबलेट मघापासून चूक चूक करत होता. ते म्हणाले, भाऊ, तुम्ही तर आतलेच मानूस, कोनतं दाबू सांगा ना.
जरा वेळ पायाच्या पट्टीकडे बघत बसलो. मग सांगितलं, जिथे मी दिसेन, ते सोडून दुसरं दाबा.
त्यांची सगळी उत्तरं बरोबर आली.