मूकपटाचं समालोचन

४ फेब्रुवारी, बुधवार
जठारपेठेतल्या आमच्या रसिक मंडळाला नवा अध्यक्ष हवा आहे. मंडळात खरा रसिक एकच. विनयामुळे नाव लिहीत नाही. रविवारी मी शंभर वर्षांपूर्वीचा विनोदी मूकपट दाखवणार. एकदा दाखवला की निवड पक्की. सिनेमा चहाला उकळी येईपर्यंत संपतो, म्हणून प्रास्ताविक भरगच्च ठेवावं.

५ फेब्रुवारी
लॅपटॉपवर पाहिला. एक जाडा रंगारी, एक शिडी, एक बादली. सामान्य माणसाला झेपणं कठीण. संकल्प: प्रत्येक सीनचा माइकवरून खुलासा.
भावना म्हणे, जो सिनेमाच बोलत नाही, त्यात तुमी काहून बोलता? बायकोशी आर्टवर वाद घालू नये.

६ फेब्रुवारी, सकाळी
घरीच रिहर्सल. प्रेक्षक: बाबा. त्यांना ऐकू येत नाही, मशीन लावत नाहीत, टीव्ही केव्हाच सोडला. कानाशी ओरडून रंगाऱ्याची सामाजिक पार्श्वभूमी सांगितली. सरक ना बा, म्हणाले, मले दिसून नाही राह्यलं. मग बादली पडली आणि बाबा इतके हसले की कवळी हातात घ्यावी लागली. म्हणजे खुलासा पोचला. अजून वाढवतो.

७ फेब्रुवारी
सेक्रेटरी खुशालरावांना कार्यक्रमाची रूपरेषा ऐकवली. म्हणे, भाऊ, मंग जेवणाचंबी सांगून ठेवू का?

८ फेब्रुवारी, रविवार
हॉल फुल्ल. दीपप्रज्वलन, शाल-नारळाचे सत्कार, मग मी. मागच्या रांगा चिंतन करायला बाहेर गेल्या. पिक्चर सुरू, मीही सुरू. शिडी घसरायच्या आधीच घसरणार म्हणून सांगून टाकलं. लोकांचा गोंधळ नको. कोणी हसेना. इतकं गंभीर वातावरण अकोल्यात प्रथमच. फक्त पहिल्या रांगेत बाबा मांडी थोपटत हसत होते. त्यांना पाहून बाकीचे हसू लागले. मंडळाच्या बेबीताई मधूनच ओरडल्या, भाऊ, तो माइक ठेवा अन् पिच्चर पयल्यापासून लावा!
लावला. माइक खुशालरावांनी स्वतःकडे ठेवला. हॉल दणाणला. पहिल्या खेपेला पाया मी घातला होता, हे कोणी बोललं नाही.

९ फेब्रुवारी
मंडळाची सभा. अध्यक्षपदी श्री. पुंजाजी, म्हणजे बाबा. पद घरातच राहिलं, समाधान आहे. दुसरा ठराव: यापुढे मूकपटाच्या वेळी मला माइक देऊ नये. एकमताने मंजूर. बाबांनीही हात वर केला.
त्यांना ठराव ऐकूच आला नसणार, असं घरी भावनाला म्हटलं.
म्हणे, येईन कसा नाही? मीच त सांगतला त्यायच्या कानात.