चार दिवस आधीची सही

प्रिय सत्यवती,

काल उगीचच आपल्या रस्त्यावर जाऊन आले. आपली इमारत पाडली तिथे अजून पत्रेच ठोकलेले आहेत, आत तीन वर्षांचं गवत. समोरच्या घड्याळवाल्याकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भांडीवाल्याच्या जागी केकचं दुकान. तिथल्या पोरीने विचारलं, "आंटी, एगलेस?" मी भलतंच बोलून गेले, मला अस्तर हवंय. ती हसली. मला मात्र तिथेच रडू फुटलं.

हौसा भाजीवाली तेवढी पत्र्याला टेकून बसते. म्हणाली, "सत्यवतीताई कधी येनार? आमी बांगड्या कुठं भरायच्या?" तिच्या हातात प्लॅस्टिकच्या होत्या.

माझ्या मॅचिंग सेंटरमधून बाई ब्लाउजपीस घेऊन निघाली की मी तिला शेजारी तुझ्याकडे धाडायची, आणि तू बांगड्या भरून फॉलसाठी परत माझ्याकडे. मधल्या भिंतीवर दोन थापा मारल्या की चहा यायचा. अठ्ठावीस वर्षं! हात कितीही कडक असो, तुझ्याकडून बांगडी पिचली नाही. तोंडाने मात्र तू भारी फटकळ.

आता कामोठ्यात अकराव्या मजल्यावर बसून तू नातवाचे डबे भरतेस आणि दर फोनला तेच म्हणतेस, की माझीच घाई झाली गं, इमारत पाडायला मी सही केली नसती तर तुझंही दुकान राहिलं असतं, मला माफ कर. मी "जाऊ दे गं" म्हणते. केवढं मोठं मन माझं!

बिल्डर गायब आहे, तो द्यायचा ते भाडंही बंद झालंय. रविवारी सगळे गाळेवाले तक्रारीसाठी जमणार आहेत. तुझा मुलगा महादेवही येईल. तिथे संमतीपत्रांच्या प्रती वाटतील आणि त्यांवर तारखा आहेत. त्याने घरी येऊन सांगण्याआधी तू माझ्याकडून ऐक. माझी सही तुझ्या चार दिवस आधीची आहे. नव्या इमारतीत रस्त्याकडचा गाळा तुम्हालाच देतो, फक्त शेजारणीला तयार करा, असं बिल्डर मला म्हणाला होता. म्हणून तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, तू केलीस की मी करते. पेनही मीच दिलं तुला.

क्षमा मागत नाही. तू करशील, आणि ते मला सोसायचं नाही. एवढंच कर, यापुढे तू माझी माफी मागू नकोस.

तुझीच म्हणायला जीभ रेटत नाही, तरी तुझीच,
सुमती