बॉयलरपाशी धरलेला हात

१२ जून २०२१, स्लायगो
अखेर इथे आल्याचं सार्थक झालं! हिवाळ्यात नवी नोकरी घेऊन या परदेशात आलो ते थेट लॉकडाऊनमध्येच. घर ते फॅक्टरी, फॅक्टरी ते घर. आज मात्र इथल्या डायव्हिंग क्लबने ओजसला आणि मला समुद्रात नेलं. मालवणला शिकलो तेव्हा पातळ सूट घालून माशांमागे हुंदडलो होतो. इथे पाणी आत न शिरणारा ड्रायसूट, आत लोकरीचे कपडे, जाड हातमोजे. तरी पाणी लागलं की ओठ बधिर. क्लब चालवणारा म्हातारा फिंटन म्हणतो, "यू'ल बी ग्रँड." म्हणजे काही होत नाही तुम्हाला.

खाली एक बुडालेली, कोळसा वाहणारी जुनी बोट आहे. उथळच, उजेड पोचतो. लाकूड कधीच सडलं. उरलाय गंजका बॉयलर, त्यावर तपकिरी समुद्रशेवाळाच्या लांब पट्ट्या. वर आल्यावर ओजस लहान मुलासारखा बडबडत होता. नवरा इतका खूश मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

२६ जून
आज पुन्हा तिथेच उतरलो. बॉयलरच्या पलीकडे गेलो आणि गाळ उठला. स्वतःचा हात दिसेना. मी घाबरले, तेवढ्यात कुणीतरी माझा डावा हात घट्ट धरला. ओजस, दुसरं कोण? पाणी निवळलं तेव्हा हात सुटला होता.

बोटीवर चढल्यावर म्हटलं, "बरं झालं माझा हात धरलास."

"मी कुठे? तूच माझा धरलास की. डावा."

"माझाही डावाच."

हसलो. मग लक्षात आलं. शेजारी असतो तर एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असता. आणि फिंटन तर वर बोटीतच होता. त्याला सांगितलं, तर इंजिन सुरू करत एवढंच म्हणाला, की पुन्हा तिकडे जाऊ नका. का, ते सांगेना.

३ जुलै
ओजसचा डावा हात बर्फासारखा गार. गरम तेलाने चोळते, शेकते, काही उपयोग नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताभिसरण उत्तम आहे म्हणाले. ओजस शांत. "गार नाही वाटत गं," म्हणतो, "कुणीतरी धरलंय, एवढंच."

९ जुलै
दुपारी फॅक्टरीतून आले तर घर उघडं. ओजस किनाऱ्यावर सापडला. कमरेइतक्या पाण्यात, कपड्यांसकट, डावा हात पुढे लांब केलेला. कुणी बोट धरून नेत असावं तसा. ओढून आणलं. वाटेत हुंदके देत होता. म्हणाला, पाय थांबतच नव्हते.

फिंटनला फोन केला. तेव्हा कुठे बोलला. त्याच्या धाकट्या भावाचंही असंच झालं होतं. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाला, धरून ठेवला. जमलं तितके दिवस.

१३ जुलै
रजा टाकली. दारं बंद. ओजस जेवत नाही. झोपतानाही त्याचा हात सोडत नाही मी. तो म्हणतो, "अस्मिता, सोड. तुला त्रास होईल." — सोडू कशी?

आज माझी बोटं गार पडली आहेत. चहाच्या कपाची ऊब लागत नाही.

१५ जुलै
हॉस्पिटलला निघालो होतो. त्याने मध्येच स्टिअरिंग ओढलं. गाडी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत रुतली. माझा फोन त्याने बाहेर भिरकावला, आणि मग माझी माफी मागत राहिला.

भरती येतेय. किनाऱ्यावर कुणी नाही. उजव्या हाताने लिहितेय, डाव्यात त्याचा —

चाकांना पाणी लागलं. त्याने त्याच्या बाजूचं दार उघडलंय. मी ओरडले, जाऊ नकोस. तो रडतोय. म्हणतो, मी कधीच सोडलाय गं तुझा हात, तू सोड —

खरंच. त्याची बोटं सैल आहेत. माझीच मिटलीत. उघडत नाहीत. उजव्या हाताने एकेक उकलायला बघते, पण —

पाणी आत —

तो उतरतोय, आणि मी त्याच्या माग