सहानंतर पाणी बंद

४ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा चादर! आठ दिवसांतली तिसरी. सहा वर्षांची घोडी झाली आमची भिंगरी, आणि अजून अंथरूण ओलं. गादी गॅलरीत मीच ओढली, चादर मीच भिजवली. सूनबाई पर्स खांद्याला लावून दारात — "आई, आज जरा उशीर होतोय मला, चालेल ना?" न चालून सांगते कुणाला!

नातीला काही झालेलं नाही. तिची आई जूनपासून ऑफिसात जायला लागली, तेवढंच झालंय. चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली मी, त्यातली अकरा इनचार्ज सिस्टर म्हणून. आई कामाला लागली की पोर एकतर जेवत नाही, नाहीतर पोट दुखतं म्हणतं, नाहीतर हे असं. पण आमचं ऐकतंय कोण. आम्ही आता चादरी धुवायच्या.

५ सप्टेंबर

मुलगी बाटलीवर बाटली रिचवते. शाळेतून आली की आधी पाणी, दप्तर नंतर. मग रात्रीचं दुसरं काय होणार?

वॉर्डात अशा मुलांच्या खाटेला आम्ही निळी चिठ्ठी लावायचो. निळी चिठ्ठी म्हणजे संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. आयांनाही ठाऊक, सफाईवाल्यालाही ठाऊक. आज निळा कागद कापला आणि भिंगरीच्या पलंगाला चिकटवला. तिने अक्षर लावून लावून वाचलं.

"आजी, एक घोट पण नाही?"

"अर्धासुद्धा नाही."

लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात जेवताना बोललं तर मदर आमचा पाण्याचा पेला उचलून न्यायची. मेलं नाही कुणी.

७ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाई आज डॉक्टर झाल्या! फोन समोर धरून मला वाचून दाखवते — खूप तहान, सारखी लघवी, वजन कमी, मूल मलूल. "आई, रक्तातली साखर बघून घ्या म्हणतात. मी शनिवारची वेळ घेतलीय. तिचा फ्रॉक बघा ना, कसा लोंबतोय."

"उंच होतेय ती. उंच होताना मुलं वाळतात."

"पण एकदा बघायला काय हरकत आहे?"

"हरकत सुईची आहे. पोरीला भोसकायचं, का तर तुझ्या फोनला तसं वाटतं!"

चिरंजीव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, आईची हयात गेली मुलांच्या वॉर्डात. तिला कळत नाही आणि तुझ्या फोनला कळतं?" जन्मात पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

सूनबाईने तिथेच उभं राहून वेळ रद्द केली. नाक लाल.

बरं वाटलं मला. का लपवू?

८ सप्टेंबर

सहापासून थेंब नाही, तरी चादर ओलीच. म्हटलं, हे कसं? संध्याकाळी उलगडा झाला. बाईसाहेब बाथरूमच्या नळाला तोंड लावून गटागटा पीत होत्या! दिली एक चापट. "चोरी करतेस?" रडली, पण आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. नाटकी.

सूनबाई दारात उभी. "आई, पिऊ दे ना तिला."

"दे की! आणि उद्यापासून चादरी तू धू."

गेली आत.

१० सप्टेंबर, रविवार

भिंगरी दिवसभर लोळत. दोनदा उलटी. काल आईच्या मैत्रिणीकडे नेली होती, तिथे काय काय चारलं देव जाणे.

११ सप्टेंबर

शाळेत पाठवली नाही. अकराच्या सुमाराला केस विंचरायला जवळ घेतली. माझ्या खांद्यावर डोकं टाकलं तिने, आणि मला वास आला.

पिकून सडलेल्या फळाचा वास. तोंडाचा.

मग श्वास बघितला. पडल्या पडल्या लांब, खोल, जोरात — मैलभर धावून आल्यासारखा. जीभ कोरडी लाकूड. पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर तशीच उभी राहिली.

हा वास मी वॉर्डाच्या दारातून ओळखायची. नव्या नर्सना मान धरून वाकवायची — हुंगा, आयुष्यात विसरू नका! आणि माझ्या घरात पोर पंधरवडाभर पाणी पाणी करत होतं, सुकत होतं, आणि मी कागद कापत बसले.

टॅक्सी मीच थांबवली. सूनबाईला फोन केला. "साखर आहे," म्हटलं, "तू म्हणत होतीस तीच." "निघाले," म्हणाली.

हॉस्पिटलात बोटाला सुई टोचली तर यंत्राने आकडाच दाखवला नाही. मापाच्या वर. दोन्ही हातांना सलाइन, इन्सुलिन, काचेच्या पलीकडची खोली. मला बाहेर थांबवलं. "आजी, तुम्ही इथेच बसा." नर्स माझ्या मुलाहून लहान. हात चांगला आहे तिचा. पहिल्या टोचणीत शीर मिळाली.

१२ सप्टेंबर

वाचेल म्हणतात. इन्सुलिनची सुई आता जन्माची, रोज.

चिरंजीव खिडकीपाशी. माझ्याकडे बघत नाहीत. माझं ऐकलं म्हणून स्वतःला खातायत, की मला, कळत नाही.

१३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई आज फाइल घेऊन आली. पोरसवदा, पण नजर धारदार. म्हणाली, "साखर वाढलेलं मूल पाणी पीत राहतं, त्यावरच तग धरतं. ही एवढी कोरडी कशी पडली? हिचं पाणी कुणी तोडलं होतं का?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच सूनबाई म्हणाली, "मी. चादर ओली करायची, म्हणून मीच बंद केलं."

पाच मिनिटं झापलं तिला, सगळ्यांदेखत. "शिकलेल्या ना तुम्ही? आई ना तुम्ही?" सूनबाई मान खाली घालून "हो, चुकलं" म्हणत राहिली.

मी शेजारच्याच खुर्चीत होते. गप्प बसून राहिले.