दक्षिणेकडे वळवलेली डिश

आप्पा,

शाळेच्या पत्र्यावर डिश बसवली त्या दिवशी तुम्ही असता, तर खाली उभं राहून माणसांना दिशा सांगितली असती. दक्षिणेकडे, बरंच वर तोंड करून ती बसवली आहे. ज्या उपग्रहासाठी बसवली, तो अजून उडालेला नाही. उडाला की आधी लांबट फेऱ्या मारील, मग स्वतःचं इंजिन चालवून विषुववृत्तावरच्या आपल्या जागी पोचेल, आणि खोडाळ्यापलीकडच्या आमच्या पाड्यावर, जिथे फोनला रेंज नाही, तिथे धडे दिसतील, असं बैठकीत सांगितलं होतं.

तो एकाच जागी कसा थांबतो, हे मी मुलांना तुमच्यासारखंच सांगितलं. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी चौथीत असेन. वर थांबलेली वस्तू पडणारच, हा माझा हट्ट. "न बघता बोलू नकोस," असं रागावून तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत. आई नागली दळते आहे. तुम्ही जात्याच्या वरच्या तळीवर, कडेला, तांदळाचा दाणा ठेवता. या दाण्याला खुंटा कायम तिथेच दिसणार, म्हणता, कारण दोघं बरोबर फिरतात, पृथ्वी आणि उपग्रहासारखे. आई म्हणते, "शाळा इथेच भरवायची तर मास्तर, दळा तुम्ही." आणि तुम्ही खरंच दळायला बसता.

दिवाळीनंतर पाडा वीटभट्टीवर गेला. दर वर्षी जातो, पण पोरांपाशी म्हाताऱ्या तरी राहायच्या. यंदा त्याही गेल्या. गाठोडं बांधणाऱ्या एका आईला मी म्हटलं, मुलींना ठेव, नवे धडे येणार आहेत. ती हसली. "बाई, तुमचा तो वर पोचला का सांगा. मंग आनू पोरां."  उड्डाण पुन्हा पुढे गेलं होतं.

आता पट कमी म्हणून शाळा बंद होते आहे. मुलं परतली तर त्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं. ती जाणार नाहीत. उपग्रह मात्र कधीतरी जाईल, इंधन आहे तोवर जागा धरून राहील, मग त्याला आणखी वर ढकलून बंद करतील. तेव्हा खाली वाचता येणारं कुणी असेल असं मला वाटत नाही.

डिश उतरवून जमा करा, असा निरोप आला आहे. नट गंजलेत, निघत नाहीत, असं मी कळवलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. नट गंजलेले नाहीत, आप्पा. मीच त्यांना तेल लावत असते.