दुकान वाढवणे

प्रिय हितेश,

जय जिनेंद्र. रोज फोनवर बोलतो तरी मम्मीला पत्र कशाला सुचलं, असं म्हणशील. माझं डोकं पार चक्रावलंय रे. शनिवारी तू गोरखभाऊंना शेजारच्या गाळ्याचा विसार द्यायला येणार, आणि एकदा विसार दिला की मागे फिरता येत नाही. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं. फोनवर मी बोलायला लागले की तू मधेच "मम्मी, पुढचं टूल" म्हणतोस आणि माझं राहूनच जातं.

तुझा तो कॉम्प्युटरमधला एजंट दुकानाच्या फोनवर शेतकऱ्यांना आपोआप उत्तरं देतो, हे मला कळलं. त्याच्या हाताशी टूलं असतात, एक दर सांगायचं, एक माल बाजूला काढून ठेवायचं, हेही कळलं. पण कुठलं कधी उचलायचं, हे त्याला आपण लिहिलेल्या दोन ओळींवरूनच समजतं म्हणे, आणि त्या ओळी लिहायच्या कुणी, तर मी! आजवर लग्नपत्रिकांवरची नावं सोडून मी लिहिलंय काय? 'सुतळी देणे' लिहिलं तर तू विचारलंस, कुठली सुतळी, कशाला. अरे, नारायणगावात सुतळी टोमॅटो बांधायलाच नेतात, त्यात सांगायचं काय? तर त्याला नारायणगाव ठाऊक नाही. ठाऊक नाही तर गल्ल्यापाशी बसवला कशाला, असं पप्पांनी विचारलं.

मंगळवारचा घोटाळा मी तुला हसत हसत सांगितला, पण सगळा नाही सांगितला. संध्याकाळी शटर ओढताना सगळ्यांना 'दुकान वाढवले, आता उद्या या' असा निरोप जावा, म्हणून ते टूल होतं. त्याच्यापुढे मी लिहिलं, 'दुकान वाढवण्यासाठी हे वापरावे.' आणि तू त्याला आधीच बजावून ठेवलेलं, धंदा वाढवणं हेच तुझं मुख्य काम. झालं! भरदुपारी, बाजार रंगात असताना, त्या शहाण्याने दुकान वाढवलं. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर निरोप गेला. शांतीलालशेठचं दुकान भरदुपारी वाढवलं म्हटल्यावर लोकांनी समजायचं काय? ओतूरचा हौशीराम जीपने धावत आला, टोपी हातात घेऊन पायरी चढला, तर समोर तुझे पप्पा बशीत चहा ओतून पितायत! "आवं शेट, तुमी तर धडधाकट! मंग निरोप कशाचा व्हता?" त्याच्या पाठोपाठ वारूळवाडीची साळुबाई डोळे पुसत आली. तिला मग हसू आवरेना, आणि मला रडू.

संध्याकाळी तू फोनवर पोट धरून हसलास आणि मग विचारलंस, मम्मी, वाढवणं म्हणजे बंद करणं असतं का? माझ्या हातातलं लाटणं थांबलं. अरे, बांगडी फुटली तरी आपण वाढवली म्हणतो. असलं अभद्र कुणी तोंडातून काढतं का? पण तू आठवीपासून होस्टेलला, तुझ्या कानावर हे कुठून पडणार. तेव्हा मला माझाच पाडव्याचा फोन आठवला. मी म्हणाले होते, आता दुकान वाढवावं म्हणतोय आम्ही. आणि तू केवढा खूष झालास! लगोलग हा एजंट आला, मग गोरखभाऊंचा गाळा. मला कळेना, मोडायचं दुकान हा सजवतोय कशाला? आणि वर आणखी एक गाळा? पप्पा म्हणाले, शिकलेला पोरगा आहे, त्याच्या मनात काहीतरी असेल. आम्ही दोघंही येडबंबू, मान हलवत राहिलो.

बरं, मंगळवारी उलगडा झाला, तर लगेच सांगून टाकावं की नाही? तेही जमलं नाही. आधी तुझा फोन रविवारी यायचा, जेवलात का, बरे आहात का, संपला. आता रोज येतो. मी ओळ लिहायची, तू खोडायची, मी भांडायचं. पप्पा टीव्हीचा आवाज बारीक करून शेजारी येऊन बसतात, आणि तू हसलास की त्यांना विषय न कळताही हसू येतं. घरात इतकी बोलणी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

तू सांगतोस ना, ज्याला आपल्या घरचं काहीच माहीत नाही त्यालाही कळेल असं लिही, तर लिहिते. विसार देऊ नकोस. पप्पांना आता सुतळीचा गठ्ठा उचलत नाही. उठताना माझा खांदा धरतात आणि गिऱ्हाइकासमोर उगीच हसतात. आम्हाला दुकान बंद करायचं आहे, कायमचं. लिहिलं एकदाचं. तू रागावलास तरी मी समजून घेईन. पण दुकानच नसलं तर तुला रोज फोन करायला कारण उरणार नाही, या भीतीने माझी जीभ रेटत नव्हती. काही कारण नसलं तरी करशील ना रे?

तुझीच,
मम्मी